खालच्या रानातला गहू

लिहायला बसताना आधी माफी मागून घ्यावी असं वाटतं. आपलं आयुष्य लिहिणाऱ्या माणसांनी काहीतरी करून दाखवलेलं असतं. माझ्या हातून तसं काही झालेलं नाही. आमच्या घरात चौथीच्या पुढं गेलेला पहिला मी आणि कॉलेजात गेलेलाही पहिला मीच. एवढ्या भांडवलावर कागद काळे करावेत का, या विचारानं कितीतरी वर्षं पेन उचललं नाही. त्यातून मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं जे काही लिहिलं, त्यातली मुख्य ओळच चुकलेली होती. ती चूक मला कॉलेजात कळली नाही, आईच्या चुलीपाशी कळली. ती कशी कळली आणि कळल्यावर महिनाभर माझा जीव कसा थाऱ्यावर नव्हता, तेवढंच इथं सांगायचं आहे.

आमची वस्ती कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या अंगाला. चार खणांचं मातीचं घर, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत कडब्याचा वास आणि दिवसभर कोंबड्यांची कुरकुर. वडील मी तिसरीत असतानाच गेले, तेव्हापासून घर आण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं ओढलं. तो बोलायचा कमी आणि जे बोलायचा ते नांगराच्या मुठीवर हात ठेवून बोलल्यासारखं असायचं. अक्का आमच्या दोघांच्या मधली. तिला पुणतांब्याला देऊन दोन वर्षं झाली होती. घरात आई, आण्णा, वहिनी आणि सुट्टीला आलो की मी. सकाळी मला जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. कॉलेजच्या वसतिगृहात घंटा व्हायची, पण त्या घंटेनं मला कधी नीट जाग आली नाही. आजही पहाटे शेजारच्या घरात कुणी भाकरी थापत असलं तर मी डोळे न उघडता पडून राहतो आणि क्षणभर कोल्हारला असतो.

आण्णाची एक अट होती. मी शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. पुढं शिकायची माझी इच्छा त्याला माहीत होती, पण पाटाची पाळी आली की दारं धरायला, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला माणूस कमी पडतं हे मलाही माहीत होतं. रसायनशास्त्राचे आमचे सर गव्हावर काम करत आणि दर वर्षी एका मुलाला हाताखाली घेत. तो मुलगा पुढच्या शिक्षणाला तिथंच राही. आण्णा म्हणाला होता, "सरांनी घेतलं तर शीक. आमी काय आडवं येत न्हाई. पर न्हाई घेतलं, तर मग मुकाट्यानं घरला यायचं. आसं ना तसं, मधी लोंबकळायचं न्हाई." मी मान हलवली होती. निवड व्हायची ती मे महिन्याच्या शेवटी, आणि ती ठरायची आम्ही दिलेल्या अहवालावरून.

माझा अहवाल आमच्याच शेतातून आला. त्या साली विहिरीवरच्या रानात गहू वेळेवर पडला होता. खालच्या रानात ऊस उभा होता. तोडणीची टोळी उशिरा आली, रान मोकळं व्हायलाच दीड महिना गेला, आणि मग आण्णानं त्यात तोच नवा बुटका गहू पेरला. बियाणं एक, खत एक, पाणीही एकाच पाटाचं. विहिरीवरचा गहू थंडीत भरला. खालचा चिकात आला, म्हणजे दाण्यात दूध भरायला लागलं, आणि फाल्गुनातच ऊन असं तापलं की दुपारी बांधावर पाय ठरेना. आठ दिवसांत पात वाळली. हिरवी ओंबी बघता बघता पांढरी पडली. मी शनिवारी घरी आलो तेव्हा आण्णा ओंबी तळहातावर चोळत उभा होता. फुंकर मारून त्यानं दाणे मला दाखवले. बारीक, सुरकुतलेले, म्हाताऱ्याच्या गालासारखे. म्हणाला, "ह्यो पिकला न्हाई. ह्यो वाळला."

दोन्ही रानांतला पायलीभर गहू मी पिशव्यांत बांधून कॉलेजात नेला. सरांनी परवानगी दिली. तेव्हा आमच्याकडं गव्हाची प्रत म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनं म्हणजे नत्राचा आकडा, असा सरळ हिशेब असे. पीठ तीव्र आम्लात तासन्तास उकळायचं, काळंकुट्ट झालेलं ते मिश्रण पुन्हा पाण्यासारखं नितळ झालं की त्यातलं नत्र मोजायचं आणि ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. आम्लाच्या थेंबांनी माझ्या एकुलत्या एक चांगल्या पँटीला गुडघ्यावर तीन भोकं पडली. पण आकडा आला तेव्हा मला भोकांचंही काही वाटलं नाही. खालच्या रानातल्या त्या वाळक्या गव्हात प्रथिनं जास्त निघाली. पुन्हा केलं, पुन्हा जास्त. तिसऱ्यांदा सर स्वतः शेजारी उभे राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "लिही. तुझ्या शब्दांत लिही." मी लिहिलं: उशिरा पेरलेला गहू उन्हात सापडला तर उतारा घटतो, परंतु दाण्याची प्रत सुधारते. ते वाक्य मी त्या रात्री अंथरुणात कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं. 'परंतु' हा शब्द मला फार आवडला होता.

परीक्षा संपवून घरी आलो तर अधिक महिना लागलेला. अक्काच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. आमच्याकडं पहिल्या अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालतात. कणकेच्या पारीत पुरण भरून उकडलेले तेहतीस धोंडे ताटात रचायचे, वर तुपाचा दिवा ठेवायचा आणि ते ताट जावयाच्या हाती द्यायचं. तेहतीसच हवेत, आणि तेहतीसही अख्खे. फुटका धोंडा ताटात चालत नाही. आईनं महिनाभर आधीपासून डाळ निवडून ठेवली होती, गूळ पारखून घेतला होता. गहू कुठला, एवढाच प्रश्न होता. ती विहिरीवरच्या गव्हाचं पोतं सोडायला लागली आणि मी मध्ये बोललो.

"आई, तो नको. खालच्या रानातला घे."

आईनं त्या पोत्यातला दाणा दाताखाली धरला, बराच वेळ चघळला. लहानपणी आम्ही गहू चघळून त्याचा चिवट गोळा करायचो, तसा तो होतो का हे ती बघत होती. "ह्याचा काय गोळा हुईना बाबा," ती म्हणाली. "तोंडातच इरघळतोय."

"दिसायला तसा आहे. पण मी तपासलाय ना. ह्यात कस जास्त आहे. सरांनी बघितलंय."

आण्णा पडवीत दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली. "खरंच म्हनतोस? उनानं वाळलेल्यात कस जादा?"

"आकडा तसा आलाय, आण्णा."

"मग बरंच हाय की," तो म्हणाला. "मग पुढच्या साली सगळाच गहू उसामागं टाकतो. उगं थंडीत घाई कशाला?" एवढं बोलून तो पुन्हा दोराकडं वळला. आई माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत शंका होती, आणि त्या शंकेवर मुलगा शिकल्याचा अभिमान बसला. "तू म्हनतोस तर तसं," ती म्हणाली आणि विहिरीवरच्या गव्हाच्या पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. तो तिचा हात मला अजून दिसतो. सुतळीची गाठ मारताना तो जरासा थांबला होता.

पाव्हणे सकाळच्या एस.टी.नं आले. अक्का, दाजी, आणि दाजींच्या आत्याबाई. या आत्याबाई घरच्या कारभारीण. पाय धुता धुताच त्यांनी आमचं घर, गोठा आणि वहिनीच्या हातातल्या बांगड्या नजरेनं मोजून घेतल्या. चुलीवर पुरण शिजत होतं, वेलदोड्याचा वास पडवीपर्यंत आलेला, एका अंगाला येळवणीची आमटी रटरटत होती. मी बाहेर दाजींशी बोलत होतो पण कान आत होते. आत वहिनीचा आवाज आला, "आत्याबाई, पारी फाटतीया." ती माझ्या आईलाही आत्याबाईच म्हणे. मग आईचा दबका आवाज, "जरा तेल लाव. दमानं." मग नुसता कणीक तिंबल्याचा आवाज. मी काहीतरी निमित्त काढून आत गेलो.

कणीक परातीत पसरली होती, ओलसर, सैल. आईनं ती तिंबून तिंबून हात लाल केले होते. आमच्या गव्हाची कणीक एरवी ताणली तर रबरासारखी ओढायची आणि सोडली की मागं यायची. ही ताणली की नुसती लांबायची आणि मग मध्येच सुटायची. पुरण भरून तोंड मिटलं की बाजूनं चीर जायची. पहिला घाणा उकडून काढला तर त्यातले निम्मे फुटलेले, पुरण बाहेर आलेलं. आईच्या कपाळावर घाम होता. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या पोत्यातला गहू दळून आणायचा तर गिरणी कोल्हारला, आणि त्या दिवशी गिरणीचं इंजिन बंद. "पारी जाड कर," ती वहिनीला म्हणाली, "भाकरीवानी झाली तरी चालंल. पर तेहतीस व्हायला पायजेत."

तेहतीस झाले नाहीत. अठ्ठावीस धड निघाले. ताट पुढं आलं तेव्हा आत्याबाईंनी ओठ हलवत मोजलं. पाच चिरलेले धोंडे आईनं खाली ठेवून वरून झाकले होते, तेही त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत.

"का हो, गव्हाचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "आमच्या भाच्याचं पयलं अधिक हाय म्हनलं."

आईनं ताटातला दिवा सारखा केला. आण्णा जमिनीकडं बघत होता. शेवटी मीच म्हणालो, "गहू मीच सांगितला. तपासून."

"आगं बया, म्हंजी कालेजचा गहू हाय ह्यो!" आत्याबाई हसल्या. "मग बराबर. शिकल्याला दिसतोय. कुनाशी जुळवूनच घ्यायला तयार न्हाई."

दाजी मात्र चांगला माणूस. त्यानं एक फुटका धोंडा उचलला, गुळवणीत बुडवला आणि म्हणाला, "आत्या, पोटात जाऊन फुटायचाच हाय. आईनं आमचं काम हलकं केलं." सगळे हसले. आई पण हसली. अक्का हसली नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर आलो. पुढं वर्षभर पुणतांब्याला अक्काच्या हातून काही बिघडलं की आत्याबाई म्हणायच्या, माहेरच्या गव्हाची हाय. हे मला फार नंतर कळलं.

पाव्हणे गेले. आईनं मला एका शब्दानं दुखवलं नाही, आणि त्याचाच मला त्रास झाला. जेवण जाईना. भर दुपारी खालच्या रानात जाऊन उभा राहायचो, नुसत्या धसकटांकडं बघत. आकडा खोटा नव्हता. तीनदा काढलेला आकडा. मग कणीक का फाटली? माझं नशीब असं की कुरडयांचे दिवस होते. राहिलेल्यातला पायलीभर खालचा गहू आता दुसऱ्या कशाला उपयोगाचा नाही म्हणून आईनं तोही भिजत घातला, एका घंगाळात तो आणि दुसऱ्यात तेवढाच विहिरीवरचा, कारण मिसळला तर कुरडया काळ्या पडतील अशी तिला भीती. रोज सकाळी ती पाणी बदलायची. आंबूस वास अंगणभर सुटायचा. चौथ्या दिवशी पाट्यावर वाटून फडक्यातून गाळून दोन पातेल्यांत चीक निवळायला ठेवला. संध्याकाळी तिनं वरचं पाणी ओतलं आणि मला हाक मारली. काही दाखवायला नव्हे, पातेलं धरायला.

विहिरीवरच्या गव्हाखाली पांढराशुभ्र चीक चार बोटं बसला होता. खालच्या रानातल्या गव्हाखाली जेमतेम एक बोट.

"ह्यात काय ऱ्हायलंच न्हाई," आई म्हणाली. "नुसतं साल आन् पानी."

मी ते पातेलं हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. इतकं साधं होतं. दाणा भरायच्या ऐन वेळी ऊन लागलं, चीक भरायचा थांबला. प्रथिनं आधीच आत येऊन बसलेली. ती वाढली नव्हती, त्यांच्या सोबतचा चीक कमी पडला होता. दहा माणसांच्या घरातली सहा गेली म्हणून उरलेली चार काही वाढत नाहीत. आणि मी त्याला सुधारणा म्हटलं होतं. पण तेवढ्यानं कणीक फाटण्याचा उलगडा होईना. मी वहिनीकडून दोन्ही पिठांचे गोळे मळून घेतले आणि परातीत पाणी घेऊन ते धूत बसलो. पीठ निघून गेलं, पाणी दुधासारखं झालं. विहिरीवरच्या गव्हाचा गोळा बोराएवढा उरला. तो ताणला की ओढ घेई. दुसरा उरला थोडा मोठाच, पण चिकट आणि ढिला. ताणला की लांबला आणि तुटला. मी पुन्हा केलं, पुन्हा तसंच. आण्णा बैलांना पाणी दाखवून येत होता, तो थांबून बघायला लागला. "ही कुठली परीक्षा आता?" म्हणाला.

आज हे लोक नीट जाणतात. पिठाला ओढ देणारी प्रथिनं वेगळी, पसरू देणारी वेगळी. दाणा भरताना उन्हाचा तडाखा बसला की पहिली कमी पडतात, त्यांच्या लांब साखळ्या जुळत नाहीत, आणि दुसरी मात्र येतच राहतात. एकूण आकडा वर जातो आणि कणीक ढिली पडते. माझ्या नातीनं परवा हे तिच्या मोबाईलवर मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला हे माहीत होतं?" मी म्हटलं, तुझ्या पणजीला माहीत होतं, दाताखाली.

त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं की माझं वाक्य खोटं आहे, आणि ते सरांच्या टेबलावर माझ्या सहीनं पडलेलं आहे. निवडीला दोन आठवडे उरले होते. दोन दिवस मी काही केलं नाही. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं असतं? सरांनाही आकडा पटला होता. तिसऱ्या दिवशी कोल्हारहून अंतर्देशीय पत्र आणलं आणि पडवीत बसून लिहायला घेतलं. तीनदा खोडलं. आण्णा शेजारी येऊन बसला.

"काय लिवतूयस येवढं?"

"चुकलो म्हणून."

"सरांना?" तो सावरून बसला. "आरं मग नाव कापतील की तुझं."

"कापतील."

"मग कशाला लिवतूयस? कुनी इचारलंय का?"

मी म्हणालो, "तू पुढच्या साली सगळा गहू उसामागं टाकणार होतास ना?"

आण्णानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "व्हय. टाकनार हुतो." मग उठता उठता, "तसं लिव त्यात. आमचा भाऊ टाकनार हुता म्हनून."

मी तसं लिहिलं. चिकाची पातेली, धुतलेले गोळे, आईचे फुटलेले धोंडे, आण्णाची अट, सगळं लिहिलं. त्या काळी अभ्यासाच्या पत्रात धोंडे लिहिणं म्हणजे वेडेपणाच होता. पत्र पेटीत टाकलं आणि हात आत घालून परत काढता येतं का, हे मी खरंच बघितलं.

मग वाट बघणं. पोस्टमन एक दिवसाआड सायकलवर यायचा. घंटी ऐकू आली की माझं हातातलं काम सुटायचं. बांध घालायला गेलो तर बांध वाकडा, बैल सोडायला गेलो तर दुसऱ्याच दाव्याला. वहिनी म्हणे, "भाऊजींना ऊन लागलं खालच्या गव्हावानी." मे गेला. निवड होऊन गेली असणार. उत्तर नाही. मृग लागला तो कोरडाच, आभाळ वांझ ढगांनी भरायचं आणि रितं व्हायचं. त्या साली पुढं केवढा दुष्काळ पडला ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मी घरचा झालो असं आण्णानं मनोमन धरलं होतं. त्यानं माझ्यासाठी नवं फावडं आणून कोपऱ्यात ठेवलं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्याबद्दल बोलला नव्हता.

कार्ड आलं ते एका दुपारी. साधं पोस्टकार्ड, सरांचं बारीक अक्षर. आई शेंगा फोडत होती, आण्णा दारं धरायला निघाला होता. मी मोठ्यानं वाचायला लागलो, कारण दोघं तशीच थांबली होती.

"तुझे पत्र मिळाले. अहवाल मी परत घेतला. त्यामुळे तुझे नाव निवडीसाठी गेले नाही. जागा दुसऱ्यास मिळाली."

आण्णानं खांद्यावरचं फावडं सावरलं. "बरं," तो हळू म्हणाला. "जाऊ दे. पाळी सुटल, चल." आई शेंग हातात धरून बसली होती. "मागं बी लिवल्यालं दिसतंय," ती म्हणाली.

मी कार्ड उलटलं. पत्त्याच्या शेजारी, जिथं जागा नव्हती तिथं, सरांनी आडवं-उभं भरून लिहिलं होतं. आण्णा उंबऱ्याशी थांबला. मी वाचलं:

"तू लिहिलेस तसे गोळे मी येथे धुऊन पाहिले. तुझे बरोबर आहे. यंदा गहू तीन वेळांना पेरणार आहे. हाताखाली माणूस हवा. जागा नाही, पण मजुरांच्या यादीत तुझे नाव घातले आहे. पुढच्या निवडीस तेच नाव मी देईन. तुझ्या भावास सांग, मी तुला घेतले आहे. येताना दोन्ही रानांतला गहू आण. आणि आईंना नीट विचारून ये, गहू किती दिवस भिजवतात आणि पाणी किती वेळा बदलतात."